हत्तीची पेटी आणि वाड्याचं मत

२३ नोव्हेंबर २०२४. मी रात्रपाळीला होतो. लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी पोती ओढतो. तुरीचा धुरळा नाकातोंडात जातो, अंगाला खाज सुटते, आणि मधल्या सुट्टीत आम्ही मोबाईलवर जगाच्या बातम्या बघतो. त्या रात्री निकालाची चर्चा होती. मुनीम म्हणाले, "काय कविराज, तुमच्या वंचितनं पुन्हा वाट लावली की. तुमी लोक मतं खाता आन् भाजप येतो."

मी काही बोललो नाही. पोतं उचललं. पण त्या एका वाक्यानं मला कित्येक रात्री झोपू दिलं नाही. मतं खाता. कुणाची मतं खातो आम्ही? जे आमचं आहे ते आम्ही खाल्लं तर ती चोरी कशी? आणि आमचं मत दुसऱ्याच्या ताटात वाढलेलं होतं, हे कधी ठरलं? कुणी ठरवलं?

मित्रहो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण आपल्या नांदेड-लातूरच्या मतांचा इतिहास आपणच लिहिला पाहिजे. दुसरा लिहील तर त्यात आपण 'मतं खाणारे' म्हणूनच येऊ.

माझा आजा नांदेड जिल्ह्यातला. कोरोनाच्या वर्षी गेला. त्यानं पहिलं मत टाकलं ते १९५७ साली. तेव्हा आजच्यासारखं बटण नव्हतं, शिक्काही नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली. चिठ्ठी हवी त्या पेटीत टाकायची. आजा सांगायचा, "आत गेलो. बैलजोडीची पेटी व्हती, हत्तीची पेटी व्हती. बैलाकडं बगितलो बी न्हाई. हत्तीच्या पेटीत टाकलो आन् भाईर आलो. पाटील दारातच उभा व्हता. त्येला कळलंच."

हत्ती म्हणजे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. बाबासाहेब जाऊन तीन महिने झाले होते. धर्मांतराला पाच महिनेही झाले नव्हते. नांदेड तेव्हा दोन खासदारांचा मतदारसंघ. एका जागेवर काँग्रेसचे देवराव कांबळे आले आणि दुसऱ्या जागेवर फेडरेशनचे हरिहरराव सोनुले. होय, नांदेडहून फेडरेशनचा खासदार दिल्लीला गेला होता. त्याच निवडणुकीत नाशिकहून दादासाहेब गायकवाड गेले, कोपरगावहून बी. सी. कांबळे गेले. आज नांदेडच्या किती पोरांना सोनुल्यांचं नाव माहीत आहे? मला पंचविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं नांदेड म्हणजे जन्मापासून काँग्रेसचं. तसं शिकवलं गेलं आपल्याला. म्हणून काँग्रेसची मतं कमी झाली म्हणताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. आपलं मत काँग्रेसच्या घरात जन्मलेलं नाही. ते तिथं नंतर नेलं गेलं.

कसं नेलं गेलं?

मराठवाडा निजामाच्या राज्यातला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. स्वामी रामानंद तीर्थांची स्टेट काँग्रेस लढ्यात पुढं होती, म्हणून स्वातंत्र्याचा सगळा मान त्या झेंड्याला मिळाला. गावात मात्र झेंडा आला तो वाड्यावरच आला. काल निजामाचा देशमुख होता तो आज खादी घालून पुढारी झाला. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तिथून खरं राज्य सुरू झालं. सोसायटी, जिल्हा बँक, बाजार समिती, शाळा, पुढं साखर कारखाना. पीककर्ज पाहिजे? वाड्यावर जा. पोराला मास्तर करायचं? वाड्यावर जा. उसाला तोड पाहिजे? वाड्यावर जा. मत हे त्या सगळ्याचं व्याज होतं.

यात आपण कुठं होतो? सोसायटीचं सभासद व्हायला जमीन लागते. आपल्याकडं जमीन नव्हती. उसाला तोड लागत नव्हती, ऊस तोडायलाच आपण जात होतो. त्यामुळं काँग्रेसच्या सहकारातलं सोनं आपल्या वाट्याला आलं नाही. आपल्या वाट्याला आली १९७२ च्या दुष्काळातली खडी आणि सुकडी. ते खोटं नाही, त्या कामांनी माणसं जगली, माझी आजी जगली. पण जगवणं वेगळं आणि वाटा देणं वेगळं.

वरती काय झालं? ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत फुटला. भूमिहीनांचा १९६४ चा सत्याग्रह केवढा मोठा! हजारो माणसं तुरुंगात गेली. पण १९६७ ला दादासाहेबांच्या गटानं काँग्रेसशी समझोता केला. दादासाहेबांच्या निष्ठेवर मी बोट ठेवणार नाही, तेवढी माझी लायकी नाही. पण परिणाम सांगितला पाहिजे. लढ्यात कमावलेली ताकद दोन-चार जागांच्या बोलणीत गेली, आणि गावातल्या आपल्या माणसाला सांगितलं गेलं की आता बैलजोडीवर मार. १९६२, १९६७, १९७१, तिन्ही वेळा नांदेड आणि लातूर दोन्ही ठिकाणी काँग्रेस आली. १९७२ च्या विधानसभेला तर महाराष्ट्रात २७० पैकी २२२ आमदार काँग्रेसचे. मतं शंभरात छप्पन्न. हा त्यांचा माथा. तिथून उतार आहे. २०२४ च्या विधानसभेला २८८ पैकी १६ आमदार आणि मतं शंभरात साडेबारासुद्धा नाहीत.

पण हा उतार सरळ नाही. आमच्या मिलच्या जिन्यासारखा आहे. मधेच पायरी तुटलेली, मधेच वर चढलेली.

पहिली पायरी १९७७. आणीबाणीनंतरची निवडणूक. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कोण? नांदेडचेच शंकरराव चव्हाण. मुख्यमंत्र्याच्या जिल्ह्यात मतदारांनी कंधारच्या केशवराव धोंडग्यांना निवडून दिलं, शेतकरी कामगार पक्षाचे. लातूरला उद्धवराव पाटील, तेही शेकापचेच. लोक रागावले होते. पण घर सोडून गेले नव्हते. १९८० ला शंकरराव नांदेडहून निवडून आले, लातूरहून शिवराज पाटील चाकूरकर आले आणि पुढं सलग सात वेळा आले.

दुसरी पायरी आपल्या रक्ताची आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव. त्यानंतर मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारून जाळलं. पोचिराम मातंग होते, आणि मेले ते 'जयभीम'साठी. आमच्या वस्तीलाही गावातल्याच माणसांनी काडी लावली. आजा सांगायचा की आठ दिवस ते ज्वारीच्या रानात होते, माझा बाप तेव्हा दहा वर्षांचा, पावसात भिजलेला. जाळणाऱ्यांचा पक्ष कोणता होता? मी आज्याला विचारलं होतं. आजा हसला. म्हणाला, "सगळेच व्हते की रं. मतांच्या टायमाला येगळे असतेत, जाळाच्या टायमाला एक असतेत."

सोळा वर्षं लागली. मधे लाँग मार्च निघाला. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडमध्ये गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नामांतर नाही, नामविस्तार. ठराव झाला तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार होते, नामविस्तार झाला तेव्हाही मुख्यमंत्री तेच. मधल्या चौदा वर्षांत काँग्रेसच्या हाती राज्य होतं, मराठवाड्याचे दोन मुख्यमंत्री होऊन गेले, निलंगेकर आणि शंकरराव. ठराव मात्र फायलीत. कारण काय? सवर्ण मत जाईल ही भीती.

आणि ते गेलंच! हीच तर गंमत आहे. १९८५ नंतर शिवसेना मराठवाड्याच्या खेड्यात शिरली. नामांतराच्या विरोधाला तिनं आवाज दिला. वाड्याच्या पायऱ्या झिजवून कंटाळलेली मराठ्यांची, ओबीसींची गरीब पोरं भगव्या पाटीखाली उभी राहिली. काँग्रेसनं आपला न्याय अडवून जे मत राखायचं ठरवलं होतं, ते मत तिकडं चाललं. १९९५ ला विधानसभेत काँग्रेस ८० वर आली. लातूरला विलासराव देशमुख पडले, जनता दलाच्या शिवाजीराव कव्हेकरांनी पाडलं. मग कुजबुज सुरू झाली की नामांतरामुळं हरलो. म्हणजे सोळा वर्षं थांबलो आम्ही, जळालो आम्ही, आणि हरल्याचं खापरही आमच्याच डोक्यावर.

मधलं एक पान राहिलं. शंकरराव १९८६ ला पुन्हा मुख्यमंत्री झाले म्हणून नांदेडची जागा मोकळी झाली. १९८७ च्या पोटनिवडणुकीत एका बाजूला त्यांचे चिरंजीव अशोक चव्हाण, दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचे नातू प्रकाश आंबेडकर. अशोकराव जिंकले. दोनच वर्षांनी, १९८९ ला, जनता दलाच्या डॉ. व्यंकटेश काब्द्यांनी ती जागा घेतली. त्याच लाटेतून व्ही. पी. सिंग पंतप्रधान झाले. त्या सरकारच्या काळात, १९९० साली, बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागलं, आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. चाळीस वर्षं ज्यांना मतं दिली त्यांनी हे केलं नव्हतं. हे मी द्वेषानं सांगत नाही, तारखा बघा.

आता तिसरी पायरी. ही नीट समजून घ्या, कारण इथंच मुनिमाचं उत्तर आहे.

२००४ साली देशात काँग्रेसचं सरकार आलं, पण त्याच निवडणुकीत नांदेड आणि लातूर दोन्ही भाजपनं घेतले. नांदेडला डी. बी. पाटील. लातूरला सात वेळचे चाकूरकर पडले, आणि कुणाकडून? रूपाताई पाटील निलंगेकरांकडून. काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या त्या सूनबाई. पुढं २०२४ ला लातूर शहरात भाजपच्या उमेदवार होत्या अर्चना पाटील चाकूरकर, शिवराज पाटलांच्या सूनबाई. १३ फेब्रुवारी २०२४ ला खुद्द अशोक चव्हाण भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर गेले. त्यांच्या कन्या भोकरहून भाजपच्या आमदार झाल्या.

शंकरराव, निलंगेकर, विलासराव, अशोकराव. महाराष्ट्राचे चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनी दिले, चारही काँग्रेसचे. त्यातल्या तिघांच्या घरात आज भाजपचं कमळ आहे. तेव्हा काँग्रेसचं मत 'घटलं' हा शब्द अर्धवट आहे. काही मत घटलं, आणि काही मत वाड्यासकट उठून समोरच्या बाजूला जाऊन बसलं. पक्ष हरला. घराणी हरली नाहीत. पाटी बदलली, ओसरी तीच.

आता आकड्यांकडं येतो. २०१४ च्या लाटेत महाराष्ट्रात काँग्रेसचे दोनच खासदार वाचले, त्यातले एक नांदेडचे अशोकराव. २०१९ ला ते पडले. भाजपचे प्रतापराव चिखलीकर ४०,१४८ मतांनी आले. वंचितचे यशपाल भिंगे यांना १,६६,१९६ मतं. लगेच शिक्का बसला, बी टीम. बरं. आता त्याच दिवशीचं लातूर बघा. भाजपचे सुधाकर शृंगारे २,८९,१११ मतांनी आले. वंचितला १,१२,२५५. वंचितचं एकूण एक मत काँग्रेसच्या पदरात टाकलं असतं तरी काँग्रेस पावणेदोन लाखांनी पडत होती. मग लातूरला कुणी पाडलं? तिथं मतं कुणी खाल्ली? यावर मुनीम बोलत नाहीत, पेपरवालेही बोलले नाहीत.

आणि नांदेडची ती १,६६,१९६ मतं सगळी आपलीही नव्हती. भिंगे धनगर समाजाचे. त्या मतांत धनगर होते, मुसलमान होते, ज्यांना कधीच कुणी उमेदवारी दिली नव्हती असे लहान लहान समाज होते. हे लोक काँग्रेसचे होते असं धरायचं आणि मग ते चोरीला गेले म्हणायचं, हा हिशेब सावकाराचा आहे.

पण कार्यकर्त्यांनो, आपलाही हिशेब मांडू. नाहीतर हा लेख म्हणजे नुसती शिवी होईल.

२०२४ ला 'चारशे पार'ची घोषणा झाली आणि संविधान बदलणार ही गोष्ट वस्तीवस्तीत पोचली. आपल्या माणसांनी कुणाच्या आदेशाची वाट बघितली नाही. नांदेडला वंचितची मतं ९२,५१२ वर आली, काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९,४४२ मतांनी निवडून आले. लातूरला डॉ. शिवाजी काळगे ६१,८८१ नी आले. सोयाबीनच्या भावानं शेतकरी चिडलेला होता, मराठा आरक्षणाचा राग होता, हे सगळं खरं. मराठवाड्यात भाजपची एकही जागा आली नाही. पण त्या मतांत आपली रांग होती हे विसरता येत नाही. माझी आई सकाळी सात वाजता उभी होती. ती म्हणाली, "पक्ष बिक्ष मला काय बी म्हाईत न्हाई. बाबासायबाचं पुस्तक वाचलं पायजे."

ऑगस्टमध्ये वसंतराव वारले. २० नोव्हेंबर २०२४ ला नांदेडला विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी. तेच केंद्र, तोच मतदार, दोन यंत्रं. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निसटले. विधानसभेला त्या मतदारसंघातल्या सहाही जागा काँग्रेस-आघाडीच्या हातून गेल्या, जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ महायुतीच्या. सहा महिन्यांत काय बदललं? लाडक्या बहिणीचे दीड हजार खात्यात आले होते. संविधानाची भीती कमी झाली होती. आणि आमदारकीला मत देताना माणूस दिल्ली बघत नाही, तो आपल्या गल्लीतला माणूस, आपल्या जातीचा माणूस, आपलं काम करणारा माणूस बघतो. गल्लीत काँग्रेसचा माणूसच उरला नव्हता. तो वाड्याबरोबर गेला होता.

म्हणजे काय उरलं? माझ्या अडाणी बुद्धीला जे दिसतं ते सांगतो. काँग्रेस जसजशी आटत गेली, तसतसं तिच्या घागरीत आपलं आणि मुसलमानांचं पाणी जास्त उरत गेलं. वरचे लोक पाटी बदलून निघून गेले. खाली आपण राहिलो. पण घागर ज्याच्या डोक्यावर आहे तो अजूनही आपल्याला पाणी मानत नाही. जागावाटपाच्या बैठकीला आपण दाराबाहेर, आणि निकालानंतर आरोपीच्या पिंजऱ्यात.

आणि आपण? आपण किती ठिकाणी फुटलो हे मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. १९९८ ला गट एकत्र आले, काँग्रेसशी बरोबरीनं बोलले, तर चार खासदार निवडून आले, तेही खुल्या जागांवर. अकोला, अमरावती, चिमूर, मुंबई. दीड वर्षात पुन्हा फुटलो. लातूर २००९ पासून राखीव आहे, पण बौद्ध एकीकडं आणि मातंग दुसरीकडं, हे भांडण लावून देणारे निवांत बसलेत. ज्या मातीत पोचिराम कांबळे मेले त्या मातीत हे व्हावं याची लाज आपल्याला वाटली पाहिजे.

लातूरच्या महापालिकेचा ताजा धडा आहे. २०१२ ला तिथं भाजपचा एकही नगरसेवक नव्हता. २०१७ ला ३६ झाले आणि सत्ता गेली. जानेवारी २०२६ ला काँग्रेस आणि वंचित जागा ठरवून एकत्र लढले. ७० पैकी काँग्रेसला ४३, वंचितला ४. सत्ता परत आली. त्याच दिवशी नांदेडला, जिथं २०१७ ला ८१ पैकी ७३ नगरसेवक काँग्रेसचे होते, तिथं भाजपला बहुमत मिळालं. बघा, टेबलावर बसवलं तर काय होतं. आणि हेही बघा की त्रेचाळीस आणि चार. सत्ता आणायला आपण लागतो, वाट्याला चार येतात. चार घेतले याचं दुःख नाही. चारवर थांबलो तर दुःख.

म्हणून काँग्रेस बुडाली तर टाळ्या वाजवायच्या का? मी वाजवणार नाही. तिची जागा घेणारा कोण आहे ते मला दिसतं. आणि काँग्रेस वाचवणं हे आपलं जन्माचं काम आहे का? तेही नाही. आपलं मत गहाण टाकायचंही नाही आणि उधळायचंही नाही. सौदा करायचा असेल तर तो बंद खोलीत एका पुढाऱ्यानं करायचा नाही, बुद्धविहाराच्या अंगणात, सगळ्यांसमोर, कागदावर करायचा. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानाची अतिक्रमणं नावावर करायचा शासनाचा निर्णय आहे, आपल्या तालुक्यात किती झाली? शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात येते? वसतिगृहात जागा किती? डाळमिलच्या मजुराला किमान वेतन मिळतं का? हे विचारा. उत्तर देईल त्याच्याशी बोला. आणि प्रत्येक केंद्राच्या निकालाची वही ठेवा. आपली किती, गेली कुठं, का गेली. मुनिमाकडं वही असते म्हणून तो आपल्याला सुनावतो.

त्या रात्री मी मुनिमाला उत्तर दिलं नाही. परवा दिलं. म्हणालो, "मुनीमजी, १९५७ ला नांदेडहून हत्ती निवडून आला होता. तेव्हा मतं कुणी कुणाची खाल्ली?" ते म्हणाले, "कोणता हत्ती?"

त्यांना माहीत नाही याचं मला नवल नाही. आपल्याला माहीत पाहिजे. माझा आजा पाटलासमोरून हत्तीच्या पेटीत चिठ्ठी टाकून बाहेर आला होता. घरी दाणे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याला कुणी कामाला बोलावलं नाही. पण तो मला सांगायचा की त्या दिवशी तो रस्त्याच्या मधून चालत आला.

जयभीम.